ट्रान्झिट कनेक्ट व्हॅनच्या तळाखालची झाकलेली जागा सामानासाठी कशी वापरावी?

ध्वनिवाला (एडिसन, न्यू जर्सी)

नमस्कार मंडळी. मी नोकरी सांभाळून शनिवार-रविवारी मराठी मंडळांच्या, शाळांच्या आणि घरगुती कार्यक्रमांना ध्वनिव्यवस्था पुरवतो. त्यासाठी गेल्या वर्षी मी फोर्डची २०१२ सालची ट्रान्झिट कनेक्ट ही मालवाहू व्हॅन वापरलेली घेतली. पुढे दोन आसने आणि मागे सगळी मोकळी जागा, अशी तिची रचना आहे. दोन मोठे स्पीकर, मिक्सरची पेटी, स्टँडची पिशवी आणि केबलांचे प्लास्टिकचे तीन क्रेट एवढे सामान तिच्यात बसते, पण ते बसवण्याचा क्रम चुकला की पंचाईत होते. क्रेट सर्वांत वर ठेवले तर वळणावर घसरतात आणि खाली ठेवले तर एका केबलसाठी दोन्ही स्पीकर उतरवावे लागतात. गणेशोत्सवात एका सभागृहाच्या दारात, पावसात, मला हे दोनदा करावे लागले.

परवा मागची रबरी मॅट धुण्यासाठी बाहेर काढली, तेव्हा पुढच्या आसनांच्या अगदी मागचा पट्टा ठोकल्यावर पोकळ वाजतो असे लक्षात आले. तेथे पत्र्याचे एक सपाट झाकण असून ते कडेने बोल्टांनी आवळलेले आहे. सरकत्या दाराच्या बाजूने फटीतून विजेरी टाकून पाहिले, तर आत एका दारापासून दुसऱ्या दारापर्यंत आडवा खळगा दिसला. पट्टी सरकवून घेतलेली मापे अशी: आडवी रुंदी सुमारे १२० सेंटिमीटर, पुढून मागे सुमारे ३५ सेंटिमीटर आणि खोली सुमारे १३ सेंटिमीटर. मालवाहू गाडीत ही जागा मुद्दाम झाकून का ठेवली असेल, हे मला उमगलेले नाही.

माझ्या शंका अशा आहेत. हे झाकण गाडीच्या सांगाड्याला बळकटी देते का? देत नसेल, तर ते कापून त्याला बिजागरीचे दार करावे की संपूर्ण काढून दुसरे बसवावे? आत केबल ठेवल्या तर हिवाळ्यात त्या ओलीने खराब होतील का? आणि शेवटची शंका थोडी विचित्र वाटेल, पण गाडीच्या तळात असा ‘चोरकप्पा’ केल्याबद्दल पोलीस हटकण्याची शक्यता आहे का?

बाल्टिमोरकर

जागा का झाकली, याचे उत्तर अमेरिकेच्या आयात-करात आहे आणि ते कळले की तुमची पहिली शंकाही आपोआप मिटते.

१९६० च्या दशकाच्या आरंभी पश्चिम जर्मनी, फ्रान्स आदी देशांनी अमेरिकेतून येणाऱ्या स्वस्त कोंबड्यांवर जबर आयात-कर बसवला. त्याला प्रत्युत्तर म्हणून राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी डिसेंबर १९६३ मध्ये बटाट्याचा स्टार्च, डेक्स्ट्रिन, ब्रँडी आणि हलकी मालवाहू वाहने यांवर वाढीव कर जाहीर केला आणि तो जानेवारी १९६४ पासून लागू झाला. बाकीच्या वस्तूंची त्यातून कालांतराने सुटका झाली, मालवाहू वाहनांवरचा २५ टक्के कर मात्र आजतागायत टिकून आहे आणि लोक त्याला अजूनही ‘चिकन टॅक्स’च म्हणतात. प्रवासी वाहनांना त्या तुलनेत फक्त अडीच टक्के कर पडत असे.

तुमची व्हॅन तुर्कस्तानात बांधलेली आहे. तेथून ती निघाली तेव्हा तिला मागची आसने होती, त्यांना पट्टे होते, मागे खिडक्या होत्या आणि मागे बसणाऱ्यांना पाय सोडण्यासाठी हा खळगाही होता. म्हणजेच कस्टमच्या दारात ती प्रवासी गाडी होती. बंदरात उतरून कर भरून झाला, की आमच्या या बाल्टिमोरमध्ये तिची आसने आणि पट्टे काढले जात, पाय सोडण्याच्या खळग्यावर झाकण बसवले जाई, काही गाड्यांच्या काचा काढून तेथे पत्रा लावला जाई, आणि अडीच टक्क्यांत आलेली गाडी मालवाहू व्हॅन म्हणून विकली जाई. ती आसनेसुद्धा मुद्दाम काटकसरीची केलेली होती, त्यांना डोके टेकवण्याच्या उशादेखील नव्हत्या. कस्टम खात्याने २०१३ मध्ये या युक्तीला हरकत घेतली. अमेरिकेच्याच आंतरराष्ट्रीय व्यापार न्यायालयाने २०१७ मध्ये फोर्डच्या बाजूने निकाल दिला, २०१९ मध्ये अपील न्यायालयाने तो फिरवला, आणि २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकण्यास नकार दिला. अखेर मार्च २०२४ मध्ये कंपनीने ३६ कोटी ५० लाख डॉलर भरून सरकारशी तडजोड केली. ती २००९ ते २०१३ या काळात आलेल्या गाड्यांबद्दल होती, त्यामुळे तुमची २०१२ ची गाडी त्याच टोळीतली आहे.

आता तुमच्या कामाचा मुद्दा. गाडीचा सांगाडा तुर्कस्तानात तयार झाला, जहाजात चढला, अटलांटिक ओलांडून आला, आणि तोवर हे झाकण त्याच्यावर नव्हते. जी वस्तू सांगाडा पूर्ण झाल्यावर, तोही दुसऱ्या खंडात, वरून बोल्टांनी लावली गेली, तिच्यावर सांगाड्याचे बळ अवलंबून असू शकत नाही. झाकणाचे काम एवढेच, की वर ठेवलेला माल खळग्यात पडू नये आणि त्यावरून चालता यावे. तुम्ही बसवाल त्या झाकणाने तेवढे काम केले की पुरे.

तुमच्या सरकत्या दारांना काच आहे की पत्रा?

ध्वनिवाला (एडिसन, न्यू जर्सी)

एका बाजूला काच आहे, दुसऱ्या बाजूला पत्रा. कोंबडीमुळे माझ्या केबलांची सोय होणार असे कोणी सांगितले असते तर मी विश्वास ठेवला नसता. मनःपूर्वक आभार.

सुतारकी (फिलाडेल्फिया)

मी व्यवसायाने सुतार नाही, पण दोन व्हॅनची आतली लाकडी कामे स्वतः केली आहेत, त्या अनुभवावरून लिहितो.

मूळ झाकण कापू नका. ते बोल्टांनी लावलेले आहे हे तुमचे भाग्य समजा. बोल्ट काढा, झाकण जसेच्या तसे बाहेर काढून गॅरेजात भिंतीला टेकवून ठेवा, आणि त्याच मापाचे नवे झाकण प्लायवूडचे करा. पत्रा कापायला गेलात तर जिगसॉचे (विजेवर चालणाऱ्या हातकरवतीचे) पाते मधोमध भले १३ सेंटिमीटरच्या पोकळीत फिरेल, पण कडेला खळग्याचा तळ वर चढत येतो आणि तेथे पाते नेमके त्याच्यात रुतते. तळाच्या खालून ब्रेकच्या आणि इंधनाच्या नळ्या मागे गेलेल्या असतात हे विसरू नका. शिवाय कापलेल्या पत्र्याची कड सुरीसारखी धारदार होते, तिच्यावर केबलचे आवरण सोलले जाते, आणि जस्ताचा प्रायमर लावला नाही तर पहिल्याच हिवाळ्यात तेथे गंज धरतो. उद्या गाडी विकायची झाली तर मूळ झाकण चार बोल्टांत परत बसेल, ही सोय वेगळीच.

प्लायवूड किती जाडीचे घ्यावे, यावर लोक उगाच घाबरून १८ मिलिमीटरवर जातात. थोडा हिशेब मांडतो. दोन टोकांना टेकलेल्या फळीच्या मध्यावर वजन ठेवले, तर तिचा झोक लांबीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो आणि जाडीच्या घनाच्या प्रमाणात कमी होतो. बर्च प्लायवूडची ४० सेंटिमीटर रुंदीची, १२ मिलिमीटर जाडीची पट्टी ३५ सेंटिमीटरच्या अंतरावर टेकवली आणि मध्ये १०० किलोचा माणूस उभा राहिला, तर ती साधारण २ मिलिमीटर वाकते. हेच अंतर ६० सेंटिमीटर असते तर झोक पाचपट, म्हणजे १० मिलिमीटरच्या आसपास गेला असता आणि मग १८ मिलिमीटर घेणे भाग पडले असते. तुमचा खळगा पुढून मागे ३५ सेंटिमीटरच आहे, म्हणून १२ मिलिमीटर पुरेसे आहे. मात्र फळी पुढच्या आणि मागच्या लांब कडांवर पूर्ण लांबीभर टेकली पाहिजे. चार कोपऱ्यांवर टेकवाल तर तेच अंतर १२० सेंटिमीटरचे होईल आणि माझे गणित कोलमडेल. तुमच्या मापाच्या फळीचे वजन साडेतीन किलोच्या आत राहील, हा आणखी एक फायदा.

झाकणाचे दोन तुकडे करा, एक डावीकडचा आणि एक उजवीकडचा, म्हणजे ज्या बाजूचे दार उघडाल त्या बाजूचा अर्धा भाग उचलता येईल. जेथे दोन तुकडे भेटतात तेथे खालून लाकडाची एक आडवी पट्टी द्या. बिजागरी पुढच्या आसनांच्या बाजूला ठेवावी की मागच्या, यावर मी बराच घोळ घातला होता. मागच्या बाजूला ठेवलीत तर मागे सामान भरलेले असताना झाकण पूर्ण उलटत नाही. पुढे ठेवलीत तर ते आसनाच्या पाठीला टेकून उभे राहते आणि दोन्ही हात मोकळे राहतात. पुढेच ठेवा. उचलण्यासाठी वर उठून दिसणारी मूठ लावू नका, तिच्यावर स्पीकरची चाके अडकतील. फळीत खाचून बसणारी सपाट कडी मिळते, तीच योग्य.

आता एक सूचना, जी मला दुसऱ्या व्हॅनच्या वेळी सुचली आणि पहिल्या वेळी सुचली असती तर बरे झाले असते. तुम्हाला झाकण दरवेळी उचलायचेच आहे का? खळगा दोन्ही दारांपर्यंत जातो असे तुम्ही म्हणता. मायक्रोफोनचे स्टँड घडी केल्यावर मीटरभराच्या आत असतात. दाराच्या बाजूची कड उघडी ठेवता आली, तर ते बाजूने आडवे सरकवता येतील आणि वर कितीही सामान असले तरी काढता येतील. अर्थात त्यासाठी आधी उंबऱ्याची उंची मोजावी लागेल.

नळदुरुस्ती (शिकागो)

वरील दोन्ही उत्तरे चांगली आहेत, पण कोणीतरी थंड पाणी ओतणे आवश्यक आहे. १२० गुणिले ३५ गुणिले १३ म्हणजे सुमारे ५५ लिटर. या व्हॅनची मालाची जागा १३५ घनफूट, म्हणजे ३,८०० लिटरहून अधिक. तेव्हा आपण दीड टक्का जागेसाठी दोन रविवार घालवणार आहात, हे मनाशी स्पष्ट असू द्या. जागा वाढवणे हाच हेतू असेल, तर चाकांच्या कमानींवर फळ्या मारा, तेथे याच्या तिप्पट सामान मावेल.

तरीही मी स्वतः हे काम केले आहे आणि पुन्हा करीन, याचे कारण जागा किती मिळाली हे नसून ती कोठे मिळाली हे आहे. खळगा गाडीच्या मधोमध आहे, मागच्या आसाच्या पुढे आहे आणि गाडीतल्या कोणत्याही फळीपेक्षा खाली आहे. लहान पण वजनदार वस्तू तेथे गेल्या की वळणावर गाडी कमी कलंडते, आणि जोरात ब्रेक दाबला तरी त्या उडून चालकाच्या मानेवर येत नाहीत. माझे पाने, पाइपचे जोड आणि पितळी सामान तेथे असते. फुगलेल्या हलक्या वस्तूंनी ती जागा अडवणे म्हणजे तिजोरीत कापूस भरणे आहे.

ओलीबद्दल. तुमच्याकडेही हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात. बुटांना चिकटलेला बर्फ गाडीत वितळतो आणि ते खारे पाणी उताराने सर्वांत खालच्या जागी, म्हणजे याच खळग्यात जमते. मागे आसने असलेल्या गाडीत हे पाणी दिसते आणि लोक पुसतात. झाकण लावलेल्या गाडीत ते कोणालाच दिसत नाही. तेव्हा झाकण काढल्यावर सुतारकाम सुरू करण्याआधी खळग्याचा तळ नीट पाहा. गंजाचे फोड असतील तर ते खरवडा, प्रायमर आणि रंग लावा, वाळू द्या. तळाला रबराची बुचे असतील तर ती शाबूत आहेत का ते तपासा, पण पाणी जाण्यासाठी म्हणून ती काढून ठेवू नका, कारण त्याच भोकांतून रस्त्यावरचे पाणी वर उडते.

बाहेर उणे दहा आणि आत माणसांचा उष्ण श्वास, अशा वेळी थंड पत्र्यावर दव धरतेच. म्हणून पत्र्याला थेट काहीही टेकवू नये. मी बंद छिद्रांच्या फोमचा २५ मिलिमीटरचा थर तळाला आणि बाजूंना बसवला आहे आणि वर प्लास्टिकचे उथळ ट्रे ठेवले आहेत. गालिचा किंवा स्पंज वापरू नका, ते पाणी धरून ठेवतात. फोममुळे तुमची १३ सेंटिमीटर खोली साडेदहावर येईल, म्हणजे ५५ लिटरचे प्रत्यक्षात ४० च्या आसपास लिटरच उरतील, हेही लक्षात असू द्या.

क्लीव्हलंडहून

चोरकप्प्याची शंका विचित्र मुळीच नाही. आमच्या ओहायो राज्यात २०१२ पासून असा कायदा आहे, की अमली पदार्थ लपवून नेण्याच्या हेतूने वाहनात गुप्त कप्पा बनवणे किंवा बसवणे हाच गुन्हा ठरतो. या कायद्याचा सारा भर हेतूवर आहे. केबल ठेवायचा कप्पा बेकायदा ठरत नाही. पण रस्त्यावर थांबवणाऱ्या शिपायाला हेतू दिसत नाही, कप्पा दिसतो. म्हणून तो लपवू नका. कडी दिसू द्या, झाकणावर मोठ्या अक्षरांत ‘केबल’ असे इंग्रजीत रंगवा, चुंबकाची कुलुपे किंवा मॅटखाली दडवलेली कळ असले चातुर्य टाळा. चोराच्या भीतीने कुलूप लावायचे असेल तर साधे, दिसणारे लावा.

पुण्याहून वाचणारा

चर्चा वाचून माझ्या मारुती ईको कार्गोची मॅट उचलून पाहिली. मला असा खळगा कोठे सापडेल?

सुतारकी (फिलाडेल्फिया)

सापडणे कठीण आहे. ट्रान्झिट कनेक्टचे इंजिन पुढची चाके फिरवते, त्यामुळे तिच्या तळाखालून मागे जाणारा दांडा नसतो आणि मधला भाग खोल ठेवता येतो. ईकोचे इंजिन पुढच्या आसनांखाली आहे आणि तेथून मागच्या चाकांपर्यंत प्रोपेलर शाफ्ट गेलेला आहे, म्हणजे तुम्ही जेथे पोकळी शोधत आहात तेथे यंत्रच बसलेले आहे. तेथे तळाला हात लावू नका. तळावर दहा-बारा सेंटिमीटर उंचीची लाकडी चौकट ठेवून तिच्यात खण करणे हा सुरक्षित मार्ग आहे. शिवाय भारतात मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी पुस्तकातला तपशील उत्पादकाने ठरवलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल करता येत नाही. सुटी, उचलून काढता येईल अशी चौकट आणि कायमची कापाकापी यांत मोठा फरक आहे, तरी काही पक्के बसवण्याआधी आरटीओत विचारून घ्या.

ध्वनिवाला (एडिसन, न्यू जर्सी)

दोन रविवार नव्हे, तीन लागले. काय झाले ते सविस्तर लिहितो, कारण पुढे कोणी हे काम काढले तर त्याला उपयोग होईल.

झाकणाचे बोल्ट सुटण्यातच पहिला दिवस गेला. दोन बोल्ट गंजून एकजीव झाले होते, त्यांना आदल्या रात्री गंज सोडवणारे तेल मारून ठेवावे लागले. झाकण निघाल्यावर शिकागोकरांची आठवण झाली, कारण एका कोपऱ्यात मिठाचा पांढरा थर आणि त्याखाली बशीएवढा गंज होता. पत्रा आरपार गेलेला नव्हता. तो खरवडून, प्रायमर आणि रंग लावून आठवडाभर वाळू दिला. खळग्याच्या मागच्या कडेला जुन्या आसनांच्या बोल्टांची भोके प्लास्टिकच्या टोप्यांनी बंद केलेली सापडली. आटे शाबूत होते. माणसांसकट आसन धरून ठेवण्यासाठी केलेले ते बिंदू आहेत, त्यामुळे त्याच मापाचे कडीबोल्ट आणून तेथे बसवले आणि आता दोन्ही स्पीकर त्यांनाच पट्ट्याने बांधतो. हा लाभ ज्याची मी अपेक्षाच केली नव्हती तो आहे, आणि खरे सांगायचे तर केबलांच्या कप्प्यापेक्षा तोच मोठा वाटतो.

झाकण १२ मिलिमीटर बर्चचे, दोन तुकड्यांत, बिजागरी पुढे. ते उचलल्यावर आसनाच्या पाठीला टेकते हे खरे, पण आसन पूर्ण मागे सरकवलेले असेल तर अर्धेच उघडते. मी उंच आहे, त्यामुळे चालकाच्या बाजूला हा त्रास कायमचा आहे. ज्यांचे पाय लांब आहेत त्यांनी त्या बाजूला बिजागरीऐवजी सुटे झाकण करावे.

बाजूने स्टँड सरकवण्याची कल्पना मात्र जमली नाही. दाराच्या उंबऱ्याची कड खळग्याच्या तळापेक्षा बरीच उंच निघाली, आणि फोम बसवल्यावर फट जेमतेम तीन बोटांची उरली. तेथून फक्त गुंडाळी सोडलेली केबल ओढून काढता येते.

आत आता वीस केबल, स्टँडखाली ठेवायच्या दोन लोखंडी पाया-चकत्या आणि चिकटपट्ट्यांचे गठ्ठे आहेत. घरच्या काट्यावर सगळे मिळून ३१ किलो भरले. मायक्रोफोन आणि बॅटऱ्या मी थंडीमुळे आत ठेवत नाही, त्या घरी येतात. चालकाच्या दाराच्या खांबावरच्या पट्टीवर माणसे आणि माल मिळून वजनाची जी मर्यादा लिहिलेली आहे, ती पूर्वीइतकीच आहे, कप्पा झाला म्हणून वाढलेली नाही, एवढी नोंद स्वतःसाठी क्रेटवर चिकटवून ठेवली आहे.

नळदुरुस्ती (शिकागो)

रंग लावलेला तो कोपरा मार्चमध्ये बर्फ संपल्यावर एकदा उघडून पाहा आणि फोटो टाका. आणि लोखंडी चकत्या ट्रेमध्ये ठेवा, थेट फोमवर नको, त्या फोम चिरडतात.

ध्वनिवाला (एडिसन, न्यू जर्सी)

चकत्या आजच ट्रेमध्ये हलवल्या. फोटो मार्चमध्ये टाकतो.